परवाना एकाचा, पक्कड दुसऱ्याची

गेल्या पावसाळ्यात आमच्या न्हाणीघरात नळाला ओला हात लागला की कोपरापर्यंत मुंग्या येऊ लागल्या. मोठा झटका नव्हता. ‘ओल आली आहे, उन्हाळ्यात आपोआप जाईल,’ हे घरातलं निदान. ‘रबरी चप्पल घालून आंघोळ करा,’ हा शेजारचा उपाय. नेहमीचा मुलगा आला, टेस्टर लावला, गीझरचं एलिमेंट बदललं, पैसे घेऊन गेला. आठ दिवसांनी पुन्हा मुंग्या.

मग पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या, विजेचं सामान विकणाऱ्या ओळखीच्या दुकानदाराने एका गृहस्थांना पाठवलं. वय पन्नाशीचं, शर्टाच्या खिशात प्लास्टिकच्या पाकिटात परवाना, पिशवीत मल्टिमीटर आणि इन्सुलेशन मोजायचा मेगर. त्यांनी गीझरकडे बघितलंसुद्धा नाही. “काका, मेन बोर्ड कुठंय?” एवढंच विचारलं. बोर्डातल्या आरसीसीबीवरचं, म्हणजे गळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या कळीवरचं, छोटं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. “ही नुसती शोभेला आहे.” मग न्हाणीघराबाहेरचा सोळा अँपिअरचा बोर्ड उघडला. आत लाल वायर, काळी वायर आणि एका कोपऱ्यात नीट गुंडाळून, वर काळी टेप मारून ठेवलेली अर्थिंगची हिरवी वायर. ती कशालाच जोडलेली नव्हती. ते हसले आणि म्हणाले, “काका, तीन वायरी ओढायच्या असतात एवढं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. तिसरी कशाला, ते नव्हतं सांगितलं.”

मला त्या हिरव्या वायरीपेक्षा जास्त धक्का बसला तो दोन दिवसांनी. सोसायटीच्या कपाटात इमारतीची जुनी फाइल सापडली. तिच्यात आमच्या मीटरसाठी दिलेला चाचणी अहवाल होता. परवानाधारक ठेकेदाराचा शिक्का, परवाना क्रमांक, सही, सगळं जागच्या जागी. अर्थिंगच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘समाधानकारक’.

‘परवानाधारकाकडूनच काम करून घ्या’ हा सल्ला आपण महावितरणच्या पत्रकात, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात, गणपतीच्या आधी निघणाऱ्या आवाहनांत सारखा वाचतो. सल्ला बरोबर आहे, पण अर्धा आहे. माझ्या घराचं कामही कागदोपत्री परवानाधारकानेच केलेलं होतं.

परवान्याचा अर्थ काय, इथेच पहिला घोळ आहे. ‘वायरमन’ हा आपला सर्वसमावेशक शब्द. खांबावर चढणारा महावितरणचा कर्मचारी वायरमन, दुकानात बसून मिक्सर दुरुस्त करणाराही वायरमन आणि बांधकामावर भिंतीत झिरी मारून पाइप टाकणारा पोऱ्याही वायरमन. सरकारी भाषेत मात्र पायऱ्या आहेत. राज्याच्या ऊर्जा विभागाखाली परवाना मंडळ आहे. ते प्रत्यक्ष हाताने काम करणाऱ्याला तारतंत्रीचा परवाना देतं, कामावर देखरेख करणाऱ्याला पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र आणि काम अंगावर घेणाऱ्याला ठेकेदाराचा परवाना. ठेकेदाराकडे पर्यवेक्षक असावा लागतो आणि मोजमापाची उपकरणं असावी लागतात. आयटीआयमधून ‘विजतंत्री’ किंवा ‘तारतंत्री’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र ही शैक्षणिक पात्रता झाली. ती असली म्हणजे परवाना आलाच असं नाही. ‘मी आयटीआय केलंय’ हे उत्तर ऐकून आपण बहुतेक जण पुढचा प्रश्न विचारत नाही, तो विचारायला हवा.

कायद्यातली तरतूद जुनी आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत ४५ वा नियम होता. नवं काम, वाढीव काम, फेरबदल, दुरुस्ती हे सगळं परवानाधारक ठेकेदारानेच करायचं, प्रमाणपत्रधारकाच्या थेट देखरेखीखाली आणि परवानाधारक कारागिराच्या हातून. २००३ चा विद्युत कायदा आला, त्याखाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० मध्ये सुरक्षेचे विनियम काढले आणि २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे आणले, पण हा गाभा तसाच राहिला. सूट आहे ती किरकोळ कामांना. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच किंवा घरगुती उपकरण बदलायचं असेल आणि त्याने मूळ जोडणीची क्षमता वा स्वरूप बदलत नसेल, तर परवाना लागत नाही. म्हणजे ट्यूब बदलायला शेजारचा भाचा चालतो. एसीसाठी नवा पॉइंट काढायला चालत नाही. आपण दोन्ही कामं त्याच भाच्याकडून करून घेतो.

नियमाच्या त्या वाक्यात ‘थेट देखरेखीखाली’ हे शब्द आहेत. सगळी गळती तिथे होते. बांधकामाच्या ठिकाणी चित्र असं असतं: बिल्डर ठेकेदाराला काम देतो, ठेकेदार ते पॉइंटच्या भावाने पोटठेकेदाराला देतो, पोटठेकेदार चार-सहा मुलं आणतो. ही मुलं बहुधा परराज्यातली, हाताने वाकबगार, कामाला वाघ. दिवसभरात एक फ्लॅट स्प्रिंग टाकून ओढून मोकळे होतात. त्यांना पैसे पॉइंटमागे मिळतात. हिरवी वायर जोडली की पॉइंट वाढत नाही, नाही जोडली तर कमी होत नाही. दिवा लागला, पंखा फिरला की पॉइंट पास. अर्थिंग नसल्याने दिवा लागायचा थांबत नाही, हीच त्यातली गोम. ज्याच्या नावाचा शिक्का अहवालावर बसतो तो माणूस त्या फ्लॅटच्या पायऱ्या चढलेला असतोच असं नाही. किरकोळ नव्या जोडणीसाठी तर नुसता ‘टेस्ट रिपोर्ट’ मिळवून देणारे आहेत, हे मीटरसाठी अर्ज केलेल्या कुणालाही विचारा. अहवाल म्हणजे चाचणीचा निकाल हा अर्थ मागे पडून अर्जाला जोडायचा एक कागद एवढाच उरला आहे.

घरगुती वायरिंगवर सरकारची नजर पडते ती बहुधा नको त्या वेळी. विजेच्या अपघाताची खबर देणं आणि त्याची चौकशी होणं यासाठी २००३ च्या कायद्यात १६१ वं कलम आहे. त्या कलमाखाली विद्युत निरीक्षक येतो, बोर्ड उघडतो, हिरवी वायर बघतो. तोवर कुणीतरी गेलेलं असतं. देशात विजेच्या धक्क्याने होणारे मृत्यू राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांनुसार अलीकडच्या वर्षांत दर वर्षी बारा हजारांच्या वर आहेत. यात शेतावरचे, खांबावरचे, तुटलेल्या तारेचे, घरातले असे सगळे आले. रेल्वेचा किंवा विमानाचा अपघात एका दिवसात बातमी होतो. हे मृत्यू एकेकटे होतात, आतल्या पानावर चार ओळींत संपतात.

जाणकार माणूस नेमकं काय करतो, जे नेहमीचा मुलगा करत नाही? हे समजून घेतल्याशिवाय त्याला दोन पैसे जास्त द्यावेसे वाटणार नाहीत.

पहिली गोष्ट हिशेब. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची. दोन किलोवॉटचा गीझर साधारण नऊ अँपिअर ओढतो, तीन किलोवॉटचा इन्स्टंट तेरा. इंडक्शनची शेगडी पुन्हा आठ-नऊ. मायक्रोवेव्ह, इस्त्री, एसी वेगळे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बांधलेल्या घरात स्वयंपाकघराला एक सोळाचा पॉइंट म्हणजे चैन होती. आज त्याच एका वायरीवर तीन उपकरणं बसली आहेत आणि मधे एक्स्टेन्शन बोर्ड. साहजिकच एमसीबी पडते. सारखी पडते म्हणून तक्रार केली की नेहमीचा मुलगा सोळाची काढून बत्तीसची बसवतो. लगेच पडायची थांबते, घर खूश. पण भिंतीतली वायर तीच अडीच चौरस मिलिमीटरची. तिला पेलवेल त्याच्या आत तोडायचं हे त्या सोळाच्या एमसीबीचं काम होतं. आता बत्तीसपर्यंत कुणी हटकणारच नाही. वायर पाइपाच्या आत तापत राहते. आमचे आजोबा किटकॅटच्या फ्यूजमध्ये जाड तार घालायचे, नातवंडं मोठी एमसीबी घालतात. रोग तोच. परवानाधारक माणूस इथे एमसीबीला हात लावत नाही, मेन बोर्डापासून नवी चार चौरस मिलिमीटरची वायर स्वतंत्र ओढा म्हणतो. ते महाग पडतं, भिंत फोडावी लागते, आणि आपण ‘बघू नंतर’ म्हणतो.

दुसरी गोष्ट एमसीबी आणि आरसीसीबी यांतला फरक. ही गैरसमजूत शिकल्यासवरल्या घरांत सगळ्यात जास्त आहे, म्हणून इथे जरा थांबतो. ‘आमच्याकडे सगळीकडे एमसीबी आहेत, आम्हाला भीती नाही,’ असं लोक छातीठोक सांगतात. एमसीबी वायरीची राखणदार आहे, माणसाची नव्हे. सोळा अँपिअरची एमसीबी सोळाच्या पुढे गेल्यावर विचार करायला लागते. माणसाचं हृदय बिघडायला त्याच्या शंभराव्या भागाइतकाही प्रवाह लागत नाही. तुम्ही नळाला चिकटून उभे असाल तर एमसीबीच्या लेखी तुम्ही एक छोटासा बल्ब आहात. आरसीसीबी वेगळ्या तत्त्वावर चालते. फेजमधून जेवढा प्रवाह गेला तेवढा न्यूट्रलमधून परत आला की नाही, एवढंच ती बघते. कमी आला म्हणजे मधे कुठेतरी, कदाचित कुणाच्यातरी अंगातून, जमिनीत गेला. घरासाठीची आरसीसीबी तीस मिलिअँपिअरच्या फरकावर डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पुरवठा तोडते. अट एकच, ती जिवंत असली पाहिजे. तिच्यावर ‘टी’ असं अक्षर असलेलं बटण त्यासाठीच असतं. वर्षानुवर्षं हाललीच नाही तर आतली यंत्रणा अडकून बसते. आमची बसली होती.

तिसरी गोष्ट अर्थिंग. दख्खनच्या काळ्या पाषाणावर घर असेल तर चांगलं अर्थिंग मिळवणं हे खरोखर कसबाचं काम आहे. खड्डा घ्या, तांब्याची किंवा जस्ताचा मुलामा दिलेली पट्टी नाहीतर नळी पुरा, भोवती कोळसा आणि मीठ भरा, उन्हाळ्यात पाणी घाला, ही जुनी पद्धत. आता रसायन भरलेले तयार इलेक्ट्रोड मिळतात. पद्धत कोणतीही असो, जमिनीचा विरोध किती आला हे यंत्राने मोजायचं असतं, ‘खड्डा घेतला’ म्हणून सांगायचं नसतं. पूर्वी कित्येक घरांत अर्थिंगची वायर पाण्याच्या लोखंडी नळाला गुंडाळलेली असे. तेव्हा ते कसंबसं चालून जायचं. मग नळ प्लास्टिकचे झाले, वायर मात्र तशीच राहिली. अशा घरात तीन पिनेचं सॉकेट दिसायला रुबाबदार असतं, वरचं मोठं भोक निव्वळ रिकामं. याहून वाईट म्हणजे सॉकेटमध्येच अर्थ आणि न्यूट्रल एकमेकांना जोडून ठेवणं. टेस्टरने हे कळत नाही. टेस्टरचा दिवा फेज आहे एवढंच सांगतो.

सैल जोड हा चौथा विषय. ‘शॉर्ट सर्किटमुळे आग’ असं छापून येतं त्यातल्या कित्येक आगींची सुरुवात एखाद्या सैल स्क्रूपाशी झालेली असते. जोड तापतो, प्लास्टिक काळवंडतं, जळकट वास येतो, आपण अगरबत्ती लावतो. सैल जोड कोणतीही साधी एमसीबी ओळखत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो. पुण्यातल्या वाड्यांत, गिरगाव-परळच्या चाळींत लाकडी पट्टीवरचं वायरिंग अजून आहे. साठी उलटलेल्या त्या वायरींचं रबर हात लावला की भुगा होऊन पडतं. तिथे नवा एसी लावायचा म्हणजे सगळं वायरिंग नवं करायचं हे सांगायला धीट माणूस लागतो. सांगून गिऱ्हाईक गमावण्यापेक्षा बहुतेक जण जोड मारून देतात.

दुकान, दवाखाना, कारखाना यांची गोष्ट आणखी वेगळी, कारण तिथे तीन फेज येतात. तीन फेजवर भार सारखा वाटला नाही तर एक फेज घामाघूम आणि दोन आरामात. आणि न्यूट्रल सुटला तर काय होतं ते अनेक सोसायट्यांनी एकेका रात्रीत अनुभवलं आहे. काही घरांत दिवे मंद होतात, काहींत दाब चारशेच्या दिशेने चढतो आणि टीव्ही, फ्रिज, राउटर एकामागून एक धूर सोडतात. नंतर भांडण होतं ते कुणाची हद्द यावरून. ढोबळ नियम असा: मीटरपर्यंत वीज कंपनीचं, मीटरच्या पुढे ग्राहकाचं. मीटरच्या पुढचं कुणी बघायचं, हे सोसायटीने आधी ठरवलेलं असेल तर भांडण लवकर मिटतं. मुंबईत कंपनी बेस्ट असो, अदानी असो की टाटा, बाकी महाराष्ट्रात महावितरण असो की गोव्यात सरकारचं वीज खातं, ही रेघ तीच.

व्यवसायात एक खोड सर्रास दिसते. जागा घेताना जो मंजूर भार होता तोच बिलावर छापून येत राहतो. मधे दोन एसी, एक ओव्हन, डीप फ्रीझर, पाट्यांचे दिवे वाढलेले असतात. वीजबिलावर ‘मंजूर भार’ असा स्वच्छ मराठी रकाना आहे, पण बिलाची रक्कम सोडून आपण काही वाचत नाही. आता त्यात स्कूटरचं चार्जिंग आणि छतावरच्या सौर पॅनेलची भर पडली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना सुरू झाली, तीन किलोवॉटला ७८ हजारांपर्यंत अनुदान, त्यामुळे गल्लोगल्ली बसवणारे तयार झाले. पॅनेल बसवणं आणि ते घराच्या बोर्डाशी नीट जोडणं या दोन वेगळ्या विद्या आहेत.

रुग्णालयांच्या बाबतीत तर आपल्याला सबब उरलेली नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागली आणि दहा बाळं गेली. राज्यभर तपासण्यांचे आदेश निघाले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागाला आग लागली. मधे एप्रिलमध्ये विरारच्या खासगी रुग्णालयातली आग होऊन गेली होती, तीही अतिदक्षता विभागातच. प्रत्येक आगीची कारणमीमांसा वेगळी, चौकशी वेगळी. मला त्यातून एकच दिसतं: तपासणी हा आदेश झाला की तिचा कागद तयार होतो, तपासणी होतेच असं नाही. माझ्या फाइलमधल्या ‘समाधानकारक’चीच ती मोठी बहीण.

आगीच्या उपकरणांसाठी निदान वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र देण्याची तरतूद राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यात आहे. म्हणजे आग विझवायच्या नळीची सहामाही तपासणी आणि ज्या वायरीने आग लागते ती एकदा भिंतीत गेली की सुटली. इंग्लंडमध्ये भाड्याने दिलेल्या घराचं वायरिंग २०२० च्या नियमांनुसार दर पाच वर्षांनी तपासून अहवाल भाडेकरूच्या हातात द्यावा लागतो. आपल्या भाडेकरारात पंखे किती, ट्यूब किती, गीझर कोणत्या कंपनीचा याची यादी असते. अर्थिंग आहे का, हा रकाना मी अजून कुठल्या करारात पाहिलेला नाही.

गावाकडे हा प्रश्न आणखी उघडावाघडा आहे. तिथे ‘झिरो वायरमन’ नावाची जमात आहे. नाव क्रूर आहे पण नेमकं आहे. हा ना महावितरणच्या पटावर, ना कुठल्या परवाना मंडळाच्या. लाइनमनकडे गावं जास्त, हात कमी, मग गावातलाच एक धीट पोरगा हाताशी धरला जातो. तो खांबावर चढतो, डीपीवर म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर फ्यूज टाकतो, तुटलेली तार ओढतो. गावाला त्याचा आधार वाटतो, कारण रात्री दोन वाजता फोन उचलणारा तोच. वर चढलेला असताना पलीकडून कुणी पुरवठा सुरू केला की खेळ संपला. मग त्याला कामावर कुणी पाठवलं हे सिद्ध होत नाही, कारण कागदावर तो नव्हताच. नुकसानभरपाईसाठी घरचे हेलपाटे घालतात. शेतकरी स्वतः डीपीशी झटापट करतात त्यालाही कारण आहे. शेतीच्या विजेची पाळी रात्रीची, पीक वाळतंय, मोटार बंद, आणि परवानाधारक माणूस तालुक्याच्या गावी. ‘परवानाधारकच बोलवा’ हे तिथे सांगणाऱ्याने आधी तो किती किलोमीटरवर आहे ते बघावं.

गणेशोत्सवातल्या मंडपांचंही बरंचसं असंच. तात्पुरती अधिकृत जोडणी घ्या आणि वायरिंग परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्या, असं महावितरण दर वर्षी कळकळीने सांगतं. मंडप लोखंडी नळ्यांचा, वर पत्रा, खाली पावसाचा चिखल आणि मधून वायरी चिकटपट्टीने बांधलेल्या. अशा ठिकाणी तीस मिलिअँपिअरची एक आरसीसीबी म्हणजे दहा दिवसांचा सगळ्यात स्वस्त विमा. देखाव्याच्या खर्चात ती कुठेच लागत नाही, म्हणून बहुधा ती येतही नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. परवाना म्हणजे कसबाची हमी नाही. मी परवाना नसलेले दोन-तीन कारागीर असे पाहिले आहेत की त्यांचा बोर्ड उघडला की आतल्या वायरी वेणी घातल्यासारख्या. आणि परवानाधारकाच्या हातचे असे बोर्डही पाहिले आहेत की शेवयांचं ताट बरं. परवाना काढायचा म्हणजे अर्ज, परीक्षा, नूतनीकरण, कार्यालयाच्या खेपा. त्यात रोज बुडतो, आणि परवाना आल्यावर गिऱ्हाईक एक रुपया जास्त देत नाही. मग त्याने तो का काढावा? आपण सुताराच्या पॉलिशला पैसे मोजतो, फॉल्स सीलिंगला मोजतो, त्यात लपणाऱ्या दिव्यांना मोजतो. त्या दिव्यांच्या वायरीला मात्र ‘किती घेता पॉइंटचे?’ हा एकच प्रश्न. घरसजावट करणाऱ्याने स्वतःचा माणूस आणला की तोही विचारायचा राहून जातो.

तरीही परवान्याचा आग्रह धरावा असं मला वाटतं, आणि त्याचं कारण कसब नाही, जबाबदारी आहे. परवाना असलेल्या माणसाकडे गमावण्यासारखं काहीतरी असतं. त्याच्याविरुद्ध तक्रार कुठे करायची ते ठरलेलं असतं. बिनपरवान्याचा कितीही गुणी असला तरी फोन बंद केला की तो नाहीसा होतो. मोबाइलवरच्या ॲपमधून येणाऱ्या मुलाबद्दलही हेच. तो गणवेशात येतो, बुटांवर प्लास्टिक चढवतो, शेवटी तारे द्या म्हणतो. त्याला परवाना विचारला तर मात्र ‘कंपनीचा असेल’ असं उत्तर मिळतं.

स्थानिक माणूस असावा, हे माझं दुसरं मत. तो तुमच्या इमारतीतल्या दहा घरांत जाऊन आलेला असतो. कोणत्या मजल्याची राइझर तापते, पावसात कुठल्या डक्टमध्ये पाणी शिरतं, बिल्डरने कुठे तांब्याच्या ऐवजी अॅल्युमिनियम ओढलंय, हे त्याला पाठ असतं. आणि तो रोज त्याच रस्त्याने जातो, त्यामुळे चुकीचं काम करून त्याला तोंड लपवता येत नाही.

अशा माणसाशी बोलायचं कसं? संकोच सोडून. परवाना दाखवा म्हटलं की खरा परवानाधारक रागावत नाही, उलट खूश होतो, हा माझा अनुभव. मुदत बघावी, फोटो आणि समोरचा चेहरा जुळतो का बघावं, मोबाइलमध्ये चित्र घेऊन ठेवावं. मोठं काम असेल तर हात लावण्याआधी विचारावं की प्रत्यक्ष वायर कोण ओढणार आणि तुम्ही कितीदा येऊन बघणार. या प्रश्नावर समोरचा अडखळला तर तिथेच समजावं. साहित्य कुणी आणायचं हे आधी ठरवावं, वायरीवर आयएसआयची खूण आणि जाडी छापलेली असते ती आपण स्वतः वाचावी. दुकानात अजून ‘तीन बावीस’, ‘सात वीस’ अशी गेजची भाषा चालते, बिलावर मात्र चौरस मिलिमीटर लिहून घ्यावं. गिलावा होण्याआधी प्रत्येक भिंतीचा, पाइप कुठून गेलेत ते दिसेल असा, फोटो काढावा. पाच वर्षांनी पडद्याच्या दांडीसाठी भिंतीत ड्रिल घालताना तो सोन्याच्या मोलाचा ठरतो.

शेवटची आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी मागणी आकड्यांची. काम संपल्यावर ‘ओके’, ‘चालू’, ‘समाधानकारक’ असले शब्द स्वीकारू नयेत. मेगरने पाचशे व्होल्टवर वायरिंगचं इन्सुलेशन मोजतात, ते निदान एक मेगओहम यायला हवं. नव्या, कोरड्या घरात ते त्याच्या कितीतरी वर येतं. अर्थिंगचा विरोध ओहममध्ये येतो. आरसीसीबी पडली की नाही, हे हो-नाहीत येतं. हे लिहायला अर्धा कागद पुरतो. आमच्या त्या गृहस्थांनी तो न मागता दिला. हिरवी वायर जोडली, आरसीसीबी बदलली, प्रत्येक सॉकेटपाशी मल्टिमीटर लावला आणि आकडे, तारीख, परवाना क्रमांक, सही असा कागद मेन बोर्डाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला. मुंग्या थांबल्या. आमच्या मजल्यावरच्या आणखी तीन घरांत त्यांनी बोर्ड उघडले. तिघांकडेही हिरवी वायर तशीच गुंडाळलेली होती, त्याच हाताची, त्याच काळ्या टेपमध्ये.

हा लेख बाजूला ठेवून कृपया एक करा. संगणक, लिफ्ट, कुणाचं श्वासाचं यंत्र चालू नाही ना ते बघून मेन बोर्ड उघडा आणि आरसीसीबीवरचं ‘टी’चं बटण दाबा. खटकन पडली तर पुन्हा वर करा. पडली नाही, किंवा अशी कळ बोर्डात मुळी सापडलीच नाही, तर आजच परवानाधारकाला फोन लावा, आणि तो आल्यावर न्हाणीघराबाहेरचा बोर्ड त्याच्याकडून तुमच्या डोळ्यांदेखत उघडून घ्या.